आधी मे महिन्याचं पाणी मोजा, मग कुदळ मारा

वाचकाचं पत्र

जुळे सोलापुरात आमचं घर आहे. मागच्या अंगणात साधारण २० बाय १५ फूट जागा मोकळी आहे. एका कोपऱ्यात कडुनिंब, बाकी सगळी काळी माती. मुलीला बरेच दिवस माशांचं तळं हवंय. मिस्त्रींनी १२ बाय १० फुटांचा, दीड फूट खोल सिमेंटचा हौद सांगितलाय, आतून निळ्या फरशा लावून. यजमानांना कोई मासे हवेत. सासूबाई म्हणतात, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही माशांना हौद बांधताय, शिवाय डास होतील ते वेगळेच. घरी बोअर आहे, पण एप्रिलनंतर अर्ध्या तासात हवा मारायला लागतो. जावेचा दीड वर्षाचा मुलगाही घरात आहे. आत्ता काम सुरू करून सुट्टीत, एप्रिलमध्ये मासे सोडावेत असा विचार आहे. हे करावं का, आणि केलं तर कसं?

उत्तर

ताई, तळं जरूर करा. मात्र मिस्त्रींनी सांगितलेला हौद नको आणि एप्रिलमध्ये मासे तर मुळीच नकोत.

सुरुवात सासूबाईंच्या प्रश्नापासून करू या, कारण घरात नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय. आपल्याकडं लोक जागा मोजतात, जागेएवढं तळं बांधतात आणि पाण्याचा विचार पहिल्या उन्हाळ्यात करतात. सोलापुरात हे उलट्या क्रमानं करावं लागतं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, नळ आला नाही आणि बोअर हवा मारतोय अशा दिवशी, तुम्ही तळ्याला न कुरकुरता किती पाणी देऊ शकता? त्या आकड्यावरून तळ्याचा आकार ठरवायचा.

हिशोब सोपा आहे. पारा ४२-४३ वर, हवा कोरडी आणि दुपारभर वारा, अशा दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज सेंटिमीटरभर उतरते, कधी त्याहूनही जास्त. कोरड्या वर्षी हिप्परग्याचा तलाव उन्हाळ्यात किती मागं सरतो ते सोलापूरकरांनी पाहिलेलंच आहे. तुमच्या १२ बाय १० च्या हौदाचा पृष्ठभाग १२० चौरस फूट, म्हणजे ११ चौरस मीटरच्या थोडा वर. त्यातून रोज ११० लिटर पाणी नुसतं उडून जाईल. शिवाय हौद दीड फूटच खोल, त्यामुळं दुपारी चारला त्यात हात घातला तर पाणी कोमट लागेल. पाणी भरपूर लागणार, मासे मात्र जगणार नाहीत, असा तो आराखडा आहे.

त्याऐवजी ८ बाय ५ फूट आणि ३ फूट खोल तळं धरा. त्यात साधारण ३,४०० लिटर पाणी मावतं. पृष्ठभाग ४० चौरस फूटच, म्हणून मेमध्ये रोजची घट ३५ ते ४० लिटर, दोन मोठ्या बादल्या. सावली केली तर आणखी कमी. याखेरीज दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ३५० लिटर पाणी बदलावं लागतं. पण ते गटारात सोडायचं नाही. माशांची विष्ठा विरघळलेलं ते पाणी झाडांना खतासारखं लागू पडतं. जास्वंदीला, लिंबाला, कुंड्यांना जे पाणी तुम्ही एरवी नळीनं घालता त्याच्या जागी हे घाला. मग तळ्याचा खरा जादा खर्च उरतो तो रोजच्या दोन बादल्यांचा. सासूबाईंसमोर हा हिशोब कागदावर मांडा. तरीही त्या नको म्हणाल्या तर ६ बाय ४ चं करा. पण खोली तीन फुटांच्या खाली आणू नका.

खोलीवर इतका भर का, तर उथळ पाणी दिवसा झटकन तापतं आणि रात्री झटकन निवतं. मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३२ अंशाला सव्वासातच्या आसपास. आणि नेमका त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. तीन फूट खोल पाण्याचा तळ दुपारीही वरच्या थरापेक्षा गार राहतो, तिथं मासे जाऊन बसतात.

आता जागा. एखाद्या रविवारी चार खुंट्या ठोका, ८ बाय ५ ची सुतळी बांधा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, पाच अशा वेळी ऊन कुठं पडतं ते मुलीला वहीत लिहायला सांगा. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली, अशी जागा हवी. सकाळचं ऊन कुमुदाला फुलायला पुरतं. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून भिंतीच्या किंवा झाडाच्या पूर्वेची बाजू चांगली. कडुनिंबापासून निदान दहा फूट लांब राहा. त्याची सावली तिसऱ्या प्रहरी तिथवर येईलच, पण फांद्यांखाली तळं केलंत तर फाल्गुनातली पानगळ आणि नंतरचा मोहोर सगळा पाण्यात पडेल, तळाशी कुजेल आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाईल. खणताना मुळंही तुटतील, ते तर नकोच. घरातल्या माणसांना येता-जाता दिसेल अशी जागा असेल तर उत्तम. नजरेआडच्या तळ्याकडं महिन्याभरात दुर्लक्ष होतं आणि मासा आजारी पडल्याचंही उशिरा कळतं.

काळ्या मातीबद्दल मिस्त्रींशी नीट बोला. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एप्रिलमध्ये अंगणातल्या भेगेत बोटं सहज जातात. तिच्यावर सरळ सिमेंटचा हौद बसवला की दोन-तीन वर्षांत कोपऱ्याला केसासारखी चीर जाते आणि पाणी हळूहळू झिरपायला लागतं. उन्हाळ्यात तर ते वाफेनं उडतंय की गळतंय हेच कळत नाही. म्हणून मी शेततळ्याचा कागद सुचवेन. सांगोला, पंढरपूर भागात डाळिंब-द्राक्षवाल्यांनी शेततळ्यात अंथरलेला तोच जाड काळा, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. शेती साहित्याच्या दुकानात मिळतो, तुमच्या मापाचा तुकडा कापून देतील. तो थोडाफार वाकतो, माती हलली तरी फाटत नाही. भिंतीला बारीक चीर गेली तरी पाणी कागद धरतो.

बांधणी अशी करा. पाणी दीड फूट जमिनीत आणि दीड फूट जमिनीच्या वर. बांधलेल्या मापापेक्षा चहूबाजूंनी फूटभर जास्त खणा, काळी माती काढून टाका आणि तिथं मुरूम भरून, पाणी मारून, धुमसून घ्या. त्यावर कॉंक्रीटचा पट्टा आणि त्यावर विटांची नऊ इंची भिंत. वर उचललेल्या भिंतीचे फायदे बरेच आहेत. पावसात अंगणातलं गढूळ पाणी आत शिरत नाही, खोदाई निम्मी होते (आपल्याकडं चार-पाच फुटांवर कातळ लागला तर मजुरीचा हिशोबच बदलतो), आणि काठावर बसता येतं. तोटा एवढाच की पश्चिमेची उघडी भिंत तापते. तिच्या बाहेरच्या अंगाला कर्दळीची किंवा गवती चहाची रांग लावली की भागतं.

या सगळ्या कामात काठाच्या पातळीकडं स्वतः उभं राहून लक्ष द्या. मिस्त्रींकडं पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून एक टोक एका कोपऱ्याला धरायचं आणि दुसरं टोक एकेक कोपऱ्यावर फिरवायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून बोटानं टिचकी मारून तो वर काढायचा. दोन्ही टोकांचं पाणी स्थिर झालं की भिंतीवर पेन्सिलची रेघ. चारी रेघा जुळल्याशिवाय वरचा थर लावू देऊ नका. जमीन सपाट दिसते म्हणून डोळ्यानं ठरवलं तर अर्धा-पाऊण इंचाचा उतार हमखास राहतो. माणसाच्या डोळ्याला तो कळत नाही, पाण्याला मात्र लगेच कळतो. एका बाजूला पाणी काठोकाठ आणि समोर चार बोटं कागद उघडा, असं ते तळं जन्मभर दिसतं. उघडा पडलेला कागद उन्हानं आधी खराब होतो, हा त्यातला खरा तोटा.

कागदाचं माप: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन फूट, रुंदीलाही तेच. म्हणजे ८ अधिक ६ अधिक २, आणि ५ अधिक ६ अधिक २. १६ बाय १३ फुटांचा अखंड तुकडा घ्या, जोड नको. तळाला आधी हातानं चाचपून टोकदार खडे वेचा, दोन इंच वाळू पसरा आणि तिच्यावर काहीतरी मऊ अंथरा. सोलापूरच्या घरात अशा वेळी हात आपोआप जुन्या चादरींकडं जातो. त्या वापरू नका. सुती कापड मातीत कुजतं आणि वाळवीला बोलावतं. धान्याची रिकामी प्लास्टिकची पोती दुहेरी घातली तर चालतात. कागद दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवा, तो मऊ होतो. मग दोघातिघांनी धरून आत सोडा, कोपऱ्याच्या घड्या मोठ्या आणि मोजक्या घाला आणि पाणी भरत जाल तसं ताणून घ्या. तळं पूर्ण भरल्यावरच कडा भिंतीवर दुमडा आणि त्यांच्यावर शहाबादी फरशी बसवा, दोन इंच आत झुकलेली, म्हणजे कागदावर ऊन येणार नाही. फरशीच्या तीन इंच खाली एक इंची पाइप जास्तीच्या पाण्यासाठी काढून त्याला जाळी लावा. आपला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरचा असतो, आणि तो एका रात्रीत कोसळला तर काठावरून मासे अंगणात यायला नकोत.

यजमानांना तरीही सिमेंटचाच हौद हवा असेल तर नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा सामू (पीएच) माशांना न सोसणारा होतो, हे लक्षात ठेवा. हौद भरायचा, आठवडाभर ठेवायचा, ओतायचा, असं तीन-चार वेळा करावं लागतं. ते हजारो लिटर पाणी आणायचं कुठून, हा पुन्हा सासूबाईंचाच प्रश्न. निळ्या फरशांचा मोह मात्र सोडाच. महिन्याभरात त्यांच्यावर शेवाळ धरेल आणि तुम्ही त्या घासत बसाल. काळ्या तळावर केशरी मासा जितका खुलतो तितका निळ्यावर खुलत नाही.

आता पुतण्याबद्दल, आणि हे मी सगळ्यात गंभीरपणे लिहितेय. दीड वर्षाचं मूल बोटभर पाण्यातही बुडू शकतं. ते ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत सगळं होऊन जातं. दीड फुटाची भिंत त्याला थांबवणार नाही, तो तिला धरून उभा राहील आणि वाकेल. वेल्डरकडून दोन-दोन इंची चौकटींची लोखंडी जाळी करून घ्या, गंजरोधक रंग लावून. ती पाण्याच्या वर बसली पाहिजे, पाण्याखाली नाही. पाण्याखाली असेल तर तोंडावर पडलेल्या बाळाचं नाक पाण्यातच राहतं. जाळी मोठ्या माणसाचं वजन पेलणारी असावी, कडेला कुलूप असावं आणि किल्ली उंचावर. तळ्यात पाणी भरण्याच्या आधी ती तयार हवी. खणलेला खड्डा पावसानं एका रात्रीत भरतो, म्हणून काम चालू असतानाही फळ्या टाकून झाकत जा. हीच जाळी मांजराला, खंड्याला आणि ढोकरीलाही अडवेल. कुमुदाची पानं तिच्या चौकटींतून वर येतात आणि दिसायलाही छान दिसतं. मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर हवी तर काढा.

वीज आणि पाणी एकत्र येतं तिथं काटकसर करू नका. पुष्कळ घरांत कुलरचा पंप टाकून काम भागवतात. तो बारा महिने चोवीस तास चालण्यासाठी केलेला नसतो, आणि त्याची वायर तुम्ही ज्या पाण्यात हात घालणार त्याच पाण्यात असते. तळ्यासाठीचाच बुडणारा पंप घ्या. सगळं पाणी दोन तासांत एकदा गाळणीतून फिरायला हवं. म्हणजे तुम्हाला ताशी १,७०० लिटर लागतं; पण पाणी उंचावर चढवताना पंपाची क्षमता घटते, म्हणून खोक्यावर २,५०० लिहिलेला घ्या. साधारण ४० वॉटचा पंप दिवसाला एक युनिट खातो. प्लग घराच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला, अर्थिंग तपासलेलं आणि गळती झाली की तत्क्षणी वीज तोडणारा स्विच बसवलेला. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गाळणी विकत आणायची गरज नाही. ५०-६० लिटरचा निळा ड्रम, त्यात पाणी खालून येईल आणि वरून परत तळ्यात पडेल अशी जोडणी, आत खाली जाड खडी, वर स्पंजचे दोन थर. वरच्या खडीत कर्दळ किंवा अळू लावा; माशांच्या घाणीतून तयार होणारा नत्र ती झाडं ओढून घेतात आणि तरारून येतात. स्पंज धुताना तो तळ्यातल्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. कारण त्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते आणि तळं त्यांच्या जिवावर चालतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडांना चालतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी वीस मासे एकदम सोडले तर आठवड्याभरात एकेक तरंगायला लागतो आणि लोक म्हणतात, दुकानदारानं आजारी मासे दिले. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, सामू सातच्या वर. अशा पाण्यात, त्यातून उन्हाळ्यात, अमोनिया अधिकच बाधतो. अमोनिया आणि सामू तपासायच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. पहिले दोन महिने दर तीन दिवसांनी तपासा, हे काम मुलीला आवडेल.

म्हणूनच एप्रिल नको. खोदाई आणि बांधकाम आत्ता, माती कोरडी असताना उरका, कारण पाऊस लागल्यावर काळ्या मातीत फावडं चालत नाही. छताच्या पन्हाळीला पाइप लावून ठेवा. पहिले दोन-तीन पाऊस वाया जाऊ द्या, त्यात छतावरची धूळ आणि कबुतरांची घाण असते. मग पुढचं पाणी तळ्यात घ्या. हजार चौरस फूट छतावर एक चांगला इंचभर पाऊस पडला तर दोन हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. असे दोन पाऊस झाले की तुमचं तळं भरलं. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात थोडं बोअरचं मिसळलं की माशांना मानवतं. जुलैत झाडं लावा, पंप सुरू ठेवा, ऑगस्टमध्ये पहिले मासे. सुट्टीत मुलीला मासे नाहीत, पण खड्डा, सुतळी आणि पाण्याच्या नळीची सगळी मौज आहे. आणि मासे पुढच्या मेपर्यंत मोठे आणि कणखर झालेले असतील. एप्रिलच्या उन्हात पिशवीतून आलेला मासा आधीच अर्धमेला असतो.

नळाचं पाणी घालताना त्यातल्या क्लोरीनची काळजी घ्या. ते कल्ले जाळतं, स्पंजातले जिवाणूही मारतं. टबात दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर मत्स्यालयवाल्यांकडं क्लोरीन मारायचं औषध मिळतं. बोअरचं पाणी उंचावरून धार धरून सोडा, जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. आणि नुसती घट भरून काढत राहू नका. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागंच राहतात. बोअरच्या पाण्यानं सहा महिने नुसती भर घातली तर तळं खारं होत जातं. झाडांना घालायचे ते आठवड्याचे ३५० लिटर त्यासाठीच. आरओचं वाया जाणारं पाणी तळ्यात कधीच नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

झाडांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला पाहिजे, सावलीसाठी आणि हिरवं पाणी होऊ नये म्हणून. दोन कुमुदं पसरट कुंड्यांत लावा, वर वाळूचा थर द्या, नाहीतर मासे माती उकरतात. कडेला वेखंड, वाळा. जलपर्णी मात्र आणू नका. उजनीत आणि भीमेत तिनं काय केलंय ते आपल्या डोळ्यासमोर आहे, आणि तुमच्या तळ्यातून उपसून फेकलेली चार रोपं ओढ्यातून पुढं जातात. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं तर कुणीतरी मोरचूद टाकायला सांगेल. टाकू नका, त्यातलं तांबं माशांना मारतं. अन्न कमी करा, थोडं पाणी बदला, शेडनेट ताणा.

माशांमध्ये सुरुवात गप्पींनी करा. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते हौदात सोडायला देतात. महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी करा. दोन-तीन आठवडे ते मजेत राहिले की चार कॉमेट किंवा शुबंकिन गोल्डफिश, सहा आठवड्यांनी आणखी चार. आठ-दहाच्या पुढं जाऊ नका. फुगीर पोटाचे, दुहेरी शेपटीचे गोल्डफिश नाजूक असतात, उघड्या तळ्यात नकोत. यजमानांना सांगा, कोई दोन फुटांपर्यंत वाढतो आणि त्याला आठ-दहा हजार लिटर पाणी लागतं. एप्रिलमध्ये हवा मारणाऱ्या बोअरवर ते पाळणं त्या माशावर अन्याय आहे. शुबंकिनचे निळे-केशरी ठिपके वरून बघायला कोईइतकेच देखणे असतात. चिलापी तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, वर्षात तळं भरून टाकतो. थाई मांगूर पाळायला देशात बंदीच आहे. आणि जास्त झालेले मासे कंबर तलावात किंवा उजनीत सोडू नका, दुकानात परत द्या. सकर मासा घरच्या काचपेट्यांतून असाच बाहेर पडला आणि आज उजनीत कोळ्यांची जाळी फाडतोय.

डासांबद्दल सासूबाईंना निश्चिंत करा. हलत्या पाण्यात आणि मासे असलेल्या तळ्यात अळ्या टिकत नाहीत. डेंग्यूचा डास कुलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत वाढतो. कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा रिकामं करून सुकवणं, तिथं पाळा. मात्र पालिकेची धूरफवारणी गल्लीत आली की धावत जाऊन तळ्यावर ताडपत्री टाका आणि पाण्यात बुडबुडे सोडणारा हवेचा पंप तासभर बंद ठेवा. त्या औषधांतले पायरेथ्रॉइड नावाचे कीटकनाशक घटक माणसाला फारसे बाधत नसले तरी माशांना अगदी थोडे पुरतात. बागेतल्या कीटकनाशकाच्या फवारणीचंही तेच.

तो हवेचा पंप बॅटरीवर चालणारा घ्या. झाडं आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री स्वतःच वापरतात. म्हणून तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. वीज वाचवायची म्हणून कुणी रात्री पंप बंद करतं, नेमकं तेच करायचं नसतं. मेमध्ये पहाटे साडेपाचला एकदा तळ्याशी जा. मासे पृष्ठभागाशी तिरके उभे राहून तोंडं उघडमीट करताना दिसले, पाणी पडतं त्या धारेखाली गर्दी करून असले, तर ते भुकेले नाहीत, गुदमरलेत. अन्न टाकू नका. हवा वाढवा आणि साठवलेलं गार पाणी चार बादल्या उंचावरून ओता.

अन्न दिवसातून एकदा-दोनदा, तीन मिनिटांत संपेल एवढंच. पोळीचे तुकडे, चुरमुरे, कणकेच्या गोळ्या नकोत. देवळाच्या तलावात टाकतात तसं लहान तळ्यात टाकलं की उरलेलं तळाशी कुजतं. दिवाळीत आठवडाभर गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका, मायेनं मूठभर टाकतात. झाडं असलेल्या तळ्यात धडधाकट गोल्डफिश आठवडाभर सहज निभावतात. शेजाऱ्यांना एवढंच सांगा की रोज सकाळी पंपाची धार पडतेय का ते कुंपणावरून बघा, आणि पडत नसेल तर लगेच फोन करा.